एका साठ्याचे दोन मालक

महत्त्वाचे काम करणाऱ्या सर्व्हरच्या जोडीला दुसरा सर्व्हर ठेवतात. पहिला बंद पडला की दुसरा काम उचलतो. अशा जोडीला क्लस्टर म्हणतात. विद्यार्थ्यांना हे समजावताना मोटारीच्या स्टेपनीचे उदाहरण सहज सुचते. पण चाक पंक्चर झाले की नाही, हे स्टेपनीला ठरवायचे नसते. चालक खाली उतरून ते पाहतो. क्लस्टरमध्ये असा चालक नसतो. जोडीदार मेला की नाही, याचा निवाडा दुसऱ्या सर्व्हरलाच करावा लागतो आणि तोही दुरून.

ही अडचण समजून घेण्यासाठी एक अहवाल मुद्दाम वाचावा असा आहे. जगभरचे प्रोग्रामर आपली सॉफ्टवेअर ज्या गिटहब या अमेरिकी सेवेवर ठेवतात, ती २२ डिसेंबर २०१२ रोजी विस्कळीत झाली. काही दिवसांतच कंपनीने त्याची सविस्तर हकिगत प्रसिद्ध केली.

आधी मांडणी पाहू. फाइली सांभाळणारे सर्व्हर जोडीजोडीने होते. एक कामावर, एक राखीव. डीआरबीडी हे सॉफ्टवेअर एकाच्या डिस्कवरील लेखन दुसऱ्याच्या डिस्कवरही उतरवत असे. त्यामुळे साठा दोघांचा सामायिक झाला. पेसमेकर हे सॉफ्टवेअर जोडीदाराची नाडी पाहत असे. काम हलवायचे तर साठ्याचा ताबा, त्यावरील फाइलव्यवस्था, नेटवर्कवरचा पत्ता आणि प्रोग्राम हे सारे गाठोडे एकत्र, ठरल्या क्रमाने हलवावे लागते. काही क्लस्टर-प्रणालींत या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. ते एका वेळी एकाच सर्व्हरकडे असले पाहिजे, हा पहिला नियम.

तो का, हे शाळेच्या जनरल रजिस्टरवरून कळेल. दोन लिपिक दोन खोल्यांत बसून, शेवटचा क्रमांक ४११ होता एवढेच ध्यानात ठेवून नवे प्रवेश नोंदवू लागले, तर दोघेही ४१२ हा क्रमांक दोन वेगळ्या मुलांना देतील. चूक कोणाचीच नाही, पण रजिस्टर मात्र बिघडले. हे टाळण्यासाठी ताबा घेण्याआधी जोडीदाराला सक्तीने बंद करण्याची आज्ञा दिली जाते. तिचे नाव स्टोनिथ. 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे.

त्या दिवशी नेटवर्क सुमारे ९० सेकंद ठप्प झाले. सर्व्हर धडधाकट होते, पण अनेक जोड्यांत प्रत्येकाला दुसरा मेलेला वाटला. दोघांनीही एकमेकांना संपवण्याच्या आज्ञा सोडल्या आणि त्या आज्ञाही तुटलेल्या जाळ्यात अडकल्या. काही जोड्यांत दोघेही स्वतःला मालक समजू लागले. जाळे पूर्ववत होताच आज्ञा पोहोचल्या आणि दोघेही बंद पडले. मग कोणाकडची प्रत खरी, हे नोंदी तपासून ठरवावे लागले. त्यात सुमारे पाच तास गेले, म्हणजे मूळ बिघाडाच्या दोनशेपट वेळ.

अहवालाचे बळ त्याच्या प्रांजळपणात आहे. संरक्षणासाठी बसवलेल्या यंत्रणेनेच नुकसान वाढवले, हे त्यात लपवलेले नाही. घटनाक्रमही असा आहे की कार्यकारणभाव वाचकाला स्वतः तपासता येतो. आपल्या प्रयोगवह्यांतही हा गुण अभावानेच दिसतो.

उणीव आहे ती निष्कर्षात. नेटवर्कमधील स्विचही जोडीने काम करत होते. एकावरील सॉफ्टवेअर थांबवले गेले. दुसऱ्याला जोडणी जिवंत दिसत होती, पण निरोप येत नव्हता. त्यामुळे जोडीदाराची खरी अवस्था त्याला ठरवता आली नाही. म्हणजे 'गप्प' आणि 'मृत' यांतला फरक न कळणे हा एकच प्रश्न दोन पातळ्यांवर उद्भवला होता. अहवालात मात्र ही दोन प्रकरणे अलग राहतात. म्हणून उपायही तोकडा वाटतो. नेटवर्कमध्ये बदल करण्याआधी क्लस्टरची स्वयंचलित यंत्रणा देखभालीच्या अवस्थेत ठेवावी, हे ठीकच आहे. पण उंदीर केबल कुरतडण्यापूर्वी सूचना देत नाही.

खरा उपाय मांडणीत आहे आणि तो साध्या अंकगणिताने सांगता येतो. दोघांत बहुमत म्हणजे दोघेही. तेव्हा संपर्क तुटलेल्या जोडीत ते एकट्याला कधीच मिळत नाही. तिसरा साक्षीदार नेमला, तर तीन मतांपैकी दोन मते एकाच वेळी दोन पक्षांना मिळू शकत नाहीत. ज्याला मिळाली त्याने ताबा घ्यावा, दुसऱ्याने थांबावे. शिवाय बंद करण्याची आज्ञा नेहमीच्या जाळ्याहून वेगळ्या वाटेने जावी आणि ती अमलात आल्याची खात्री झाल्याशिवाय साठ्याला हात लावू नये.

वर्गात स्टेपनीचे उदाहरण जरूर द्यावे, पण तेथेच थांबू नये. चाक पंक्चर झाले हे कोणी आणि कशावरून ठरवले, असे विद्यार्थ्यांना विचारावे. क्लस्टरचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.