ध्वनिमुद्रिकेवरील दोन नावे : सी. रामचंद्र आणि चितळकर

हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासात सी. रामचंद्र यांचे स्थान निश्चित झालेले आहे. परंतु ज्या आधारावर ते निश्चित झाले तो आधार अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. 'अनारकली' (१९५३) या चित्रपटातील चाली आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकर यांनी गायलेले कवी प्रदीप यांचे गीत, या दोहोंवर त्यांची कीर्ती मुख्यतः उभी आहे. पाश्चात्त्य बँडच्या धर्तीवर बांधलेल्या त्यांच्या गीतांना उसनी करमणूक म्हणून बाजूला सारले जाते. आणि त्याच रचनाकाराने 'चितळकर' या नावाने स्वतः गायलेल्या गीतांचा विचार तर क्वचितच होतो. वस्तुतः या दोन उपेक्षा परस्परांशी निगडित आहेत. चितळकरांचे गायन नीट ऐकल्यावाचून सी. रामचंद्रांच्या बँडगीतांचे मर्म कळणार नाही.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी संगीताचे पाठ घेतले. सप्रे यांच्याच शिष्यांपैकी दुसरे म्हणजे मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे. पुढे चितळकर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक झाले, आणि भगवान यांच्या 'सुखी जीवन' (१९४२) पासून हिंदी चित्रपटांचे संगीतकार म्हणून त्यांची वाटचाल सुरू झाली. या भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीचा. अमरावतीहून नागपूरकडे जाणारा मार्ग तिवसा गावावरून जातो; आपल्या विषयाचे दोन धागे या मार्गाच्या दोन टोकांना बांधलेले आहेत, हे या भागातील अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चितळकरांचा आवाज ज्याच्या देहबोलीशी एकरूप झाला, तो नट हा भगवानच होय.

अमेरिकेत साधारणतः १९३५ ते १९४५ या दशकात बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, ग्लेन मिलर यांच्या मोठ्या वाद्यवृंदांचा काळ होता. मुंबईत हे संगीत ध्वनिमुद्रिकांतून आले, तसेच हॉटेलांतील नृत्यवृंदांतूनही आले. त्या वृंदांतील अनेक वादक गोव्याचे होते. चर्चशी संलग्न शाळांत स्वरलिपीचे शिक्षण घेतलेले हे वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. हळदोण्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, हे त्यांपैकी एक. वाद्यमेळाच्या मांडणीत सी. रामचंद्र यांना त्यांचे साहाय्य लाभले, आणि 'अलबेला' (१९५१) मध्ये ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात.

येथे अनुकरणाचा प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळून चालणार नाही. 'समाधी' (१९५०) मधील 'गोरे गोरे' या गीताची चाल १९४५ साली कार्मेन मिरांडा हिने गायलेल्या एका गीतावरून घेतलेली आहे, हे उघड आहे. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजांतील सवालजवाबाने तिला गोडवा आला असला, तरी चाल उसनीच राहते. अशा गीतांवरून सबंध कर्तृत्वाचा निवाडा केला तर तो प्रतिकूलच होईल. परंतु अनुकरण आणि आत्मसातीकरण यांतील भेद पारखण्याची एक कसोटी आहे. वाद्यमेळ काढून घेतला असता चाल उरते की नाही, आणि उरल्यास ती कोणाच्या तोंडी शोभते, हे पाहावे.

या कसोटीवर 'अलबेला'तील 'शोला जो भडके' पाहा. बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा सारा परदेशी सरंजाम येथे आहे. तथापि चालीचे तुकडे लहान, घोटीव आणि हातावर टाळी देत म्हणता येतील असे आहेत. केवळ डफाच्या साथीवरही ते उभे राहतील. पितळी वाद्ये ओळींच्या मधल्या जागा भरतात. गायकाची जागा ती घेत नाहीत. याच चित्रपटात पिलूच्या अंगाने जाणारी 'धीरे से आजा री' ही अंगाई आहे, आणि चितळकरांच्या सोबतीने ती दुसऱ्यांदाही येते. एकाच रचनाकाराला हे दोन्ही प्रांत सारख्याच सहजतेने आपले वाटावेत, याचे कारण त्याची दृष्टी वाद्यांवर नसून पदाच्या चलनावर होती.

आणि पदाचे हे चलन चितळकरांच्या गळ्यात विशेष स्पष्ट दिसते. हा गळा मोठा नव्हे. त्याचा पल्ला मर्यादित आहे, फिरत बेताची आहे, आणि तलत महमूद यांचा कंप किंवा रफींची झेप त्यात नाही. त्याचे सामर्थ्य उच्चारात आहे. बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले, याचा पत्ता तो लागू देत नाही. 'पतंगा' (१९४९) मधील रंगून आणि देहरादून यांच्यातील दूरध्वनीचे गीत याचा उत्तम नमुना होय. तेथे चितळकर आरंभी निव्वळ बोलतात, त्या बोलण्यालाच लय चढत जाते, आणि शमशाद बेगम यांचा खणखणीत सूर त्यावर आरूढ होतो. 'शहनाई' (१९४७) मधील रविवारच्या भेटीच्या गीतातही शिट्टी, गिटार आणि माउथ ऑर्गन यांच्या गर्दीत हा आवाज थट्टेखोर पात्रासारखा वावरतो. तमाशातील बतावणी ऐकलेल्या श्रोत्याला ही रीत अपरिचित वाटणार नाही. बँडचा ठेका परदेशी असला, तरी त्यावर बोलणारा माणूस येथलाच आहे, ही खात्री हा आवाज देतो. गिरणीकामगाराच्या घरातून आलेल्या, स्थूल बांध्याच्या भगवान यांच्या ठेंगण्या, ठुमकत्या पदन्यासाला म्हणूनच तो शोभला.

याच्या उलट बाजूही नोंदविली पाहिजे. 'आझाद' (१९५५) मधील 'कितना हसीं है मौसम' या द्वंद्वगीतात चितळकर तलत यांच्या वळणाने गातात. गीत लोकप्रिय झाले. परंतु तेथे चितळकर उरत नाहीत, दुसऱ्याची उत्तम छाया उरते. नवल असे, की ज्याला आपण परदेशी अनुकरण म्हणतो त्या बँडगीतांत हा गायक स्वतंत्र आहे, आणि ज्याला अस्सल देशी भावगायन म्हणतो तेथे तो परतंत्र झाला आहे. देशी आणि परदेशी या जातीवाचक शब्दांनी संगीताचे मूल्य ठरविणे किती फसवे असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नव्हता. १९५२ साली नभोवाणीचे मंत्री झालेले बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली, ती या वस्तुस्थितीची कबुलीच होय. केसकर आणि चितळकर दोघेही मराठी. एकाने शुद्धतेचा आग्रह धरला, दुसऱ्याने पचविण्याच्या शक्तीवर विश्वास ठेवला. केसकरांची शास्त्रीय संगीताविषयीची आस्था खरी होती. परंतु जे संगीत त्यांना भ्रष्ट वाटले, त्यात पिलूची अंगाई आणि बतावणीचे बोल सुखरूप होते, हे त्यांच्या दृष्टीतून निसटले.

उत्तरकाळात चितळकरांनी ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या, 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिले, आणि ५ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर संगीतकार आणि गायक अशी एकाच माणसाची दोन नावे छापलेली आढळतात. मुद्रिकेच्या एका बाजूस मिळणाऱ्या सुमारे सव्वातीन मिनिटांत पहिल्या नावाने दूरदेशीचे वाद्यमेळ घरात आणले, आणि दुसऱ्याने त्यांना घरची बोली शिकविली. पहिल्याचा गौरव पुष्कळ झाला. दुसऱ्याचे ऋण मान्य केल्याखेरीज तो पूर्ण होणार नाही.