लाइव्ह लिनक्स आणि जैवमाहितीशास्त्राचे अध्यापन : एक चिकित्सा

जैवमाहितीशास्त्राची प्रयोगशाळा खिशात मावते, हा लाइव्ह लिनक्सच्या पुरस्कर्त्यांचा दावा अर्धाच खरा आहे. नॉपिक्सवर आधारलेल्या ‘विज्ञान’ सीडीने ब्लास्ट, क्लस्टलडब्ल्यू, रासमॉल ही साधने एका तबकडीत आणली. ब्रिटनच्या बायो-लिनक्सने तोच मार्ग पेनड्राइव्हपर्यंत नेला. परवाना-शुल्क नाही, हार्ड डिस्कवरील मूळ प्रणालीस धक्का नाही, आणि वर्गातील प्रत्येक यंत्रावर साधनांची तीच आवृत्ती. अध्यापनात हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा होय.

उणीव विदेच्या बाजूने आहे. गांधीबाग ही नागपूरची कापडाची घाऊक पेठ. तेथील विद्यार्थ्यास कापसाचे उदाहरण जवळचे वाटावे. कापसाच्या एखाद्या जनुकाचा क्रम जुळवण्यास पेनड्राइव्ह पुरेसा आहे. परंतु अमेरिकन कापसाचा जीनोम सुमारे 2.5 अब्ज बेस-जोड्यांचा; अक्षरामागे एक बाइट धरला तरी नुसती फाइल अडीच गिगाबाइटची होते. लाइव्ह प्रणाली लिहिण्याची जागाही रॅममधूनच घेते, तेव्हा चार गिगाबाइटच्या यंत्रावर काम अडणारच. शिवाय पेनड्राइव्हवर स्थायी विभाग राखला नसेल, तर यंत्र बंद होताच तासभराचे निष्कर्ष नाहीसे होतात.

कालबाह्यतेचा प्रश्न निराळाच. बायो-लिनक्सची 2014 ची आठवी आवृत्ती ज्या उबुंटू 14.04 वर उभी होती, तिचा नियमित पाठिंबा 2019 मध्ये संपला. एकदा मिळवलेली प्रत वर्षानुवर्षे वाटत राहण्यापेक्षा विभागाने डेबियनच्या आधारे ती प्रतिवर्षी नव्याने बांधावी, आणि साधनांच्या आवृत्त्या विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिक-वहीत नोंदवून घ्याव्यात.