‘लेजिटिमाइझ’ : मानलेलं आणि मानण्याजोगं

आज आपण एकाच इंग्रजी क्रियापदापाशी थांबणार आहोत : लेजिटिमाइझ. आपली वर्तमानपत्रं त्याचं मराठी कधी ‘वैधता देणे’ असं करतात, कधी सरळ ‘समर्थन करणे’. आता समर्थन म्हणजे बाजू घेणं. बाजू कुणीही घेऊ शकतो, पण लेजिटिमाइझ करायला अंगी काही अधिकार लागतो.

मूळ पाहू. लॅटिन ‘लेक्स’ म्हणजे कायदा, त्यावरून ‘लेजिटिमुस’. इंग्रजीत ‘लेजिटिमेट’ हे विशेषण पंधराव्या शतकात आलं ते मुलांच्या संदर्भात. आपण औरस म्हणतो तो अर्थ. क्रियापद मागाहून आलं, आणि त्याच्या पोटात एक कबुली आहे : ही गोष्ट जन्मतः तशी नव्हती, नंतर केली गेली.

उदाहरण घ्या. जॉन ऑफ गाँटला कॅथरीन स्विनफर्डपासून लग्नाआधी झालेली मुलं, म्हणजे बोफर्ट घराणं. आईबापांचं लग्न १३९६ मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या रिचर्डने त्यांना औरस ठरवलं. १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने, म्हणजे त्यांच्याच सावत्र भावाने, त्यात ‘राजपद वगळून’ असे शब्द घातले. (भाऊबंदकी काही आपलीच मिरास नव्हे!) तरी १४८५ मध्ये बोफर्ट घराण्यातल्या मार्गारेटचा मुलगा लढाई जिंकून सातवा हेन्री झाला, आणि पार्लमेंटने वंशावळीची चर्चा न करता राजपद त्याचंच असल्याचं जाहीर केलं. तर मग त्याला अधिकार दिला कुणी? तलवारीने, की पार्लमेंटने?

तत्त्वज्ञानातला पेच इथेच आहे. मॅक्स वेबरचं म्हणणं ढोबळमानाने असं की सत्ता रास्त आहे असा लोकांचा विश्वास असला की समाजशास्त्राचं काम भागतं. हाबरमासला ते पुरत नाही. १९७३ च्या ग्रंथात तो विचारतो की त्या विश्वासामागची कारणं तपासायची की नाहीत? आम्ही हाबरमासच्या बाजूचे. विश्वास तर दहशतीने आणि प्रचारानेही उत्पन्न करता येतो.

राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी ‘अधिमान्यता’ हा शब्द रूढ केला. त्यातला ‘मान्य’ पाहा. संस्कृतात मान्य म्हणजे मानण्यास योग्य. मराठीत ‘मला मान्य आहे’ म्हणजे मी कबूल केलं, योग्य असो वा नसो. संस्कृत अर्थ हाबरमासकडे झुकतो, मराठी वापर वेबरकडे. भाषांतरकार नकळत वेबरचा होऊन बसतो, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा आमची सूचना एवढीच. ‘वैध’ कायद्याच्या पुस्तकाला राहू द्या. लोकांनी स्वीकारलं एवढंच सांगायचं असेल तर ‘लोकमान्यता मिळवून देणे’ म्हणा. (टिळकांमुळे हा शब्द आपल्याला थोडा जड वाटतो, पण चालेल.) आणि योग्यतेचा दावा असेल तिथे ‘रास्त ठरवणे’ लिहा, म्हणजे कुणी ठरवलं आणि कशाच्या आधारे, हे त्याच वाक्यात सांगावं लागेल.