स्थलनाम-व्युत्पत्ती, बुलढाणा जिल्ह्यातील

स्थलनामाचे मूळ रूप, त्याचा अर्थ व आजच्या रूपापर्यंतची त्याची स्थित्यंतरे यांचा शोध म्हणजे स्थलनाम-व्युत्पत्ती. सामान्य शब्दाचा अर्थ व्यवहारात जिवंत असतो आणि तो व्युत्पत्तिकाराच्या कल्पकतेला लगाम घालतो. स्थलनामाचा अर्थ मात्र बहुधा विस्मृतीत गेलेला असतो व ती पोकळी आख्यायिका भरून काढते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार, मेहकर व बुलढाणा या नावांच्या प्रचलित व्युत्पत्ती या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत.

यास्काच्या निरुक्तात अर्थाला प्राधान्य असून अर्थ जुळत असल्यास अल्पसे ध्वनिसाम्यही पुरेसे मानले आहे. एकोणिसाव्या शतकात रास्क, ग्रिम व नंतर लाइपसिकचे नवव्याकरणकार यांनी इंडो-यूरोपीय भाषांच्या अभ्यासात हा क्रम उलटविला. दोन शब्द सारखे दिसतात की नाही, हा प्रश्न गौण ठरला; त्यांच्यातील फरक नियमित आहे की नाही, हा मुख्य झाला. लॅटिन ‘देउस’ व ग्रीक ‘थेऑस’ हे देववाचक शब्द दिसण्यात जुळे असले, तरी त्यांचे मूळ भिन्न आहे. मराठीतही लोणचे हा शब्द ‘लवण’पासून, तर लोणी हा ‘नवनीत’पासून आलेला आहे. मराठीला ही कसोटी झ्यूल ब्लॉक यांनी आपल्या फ्रेंच ग्रंथात (१९२०) काटेकोरपणे लावली. त्यामानाने वि. का. राजवाडे यांचा स्थलनामांचा व्यासंग अफाट, पण त्यांच्या अनेक व्युत्पत्तींत इतिहासकाराची ओढ ध्वनिनियमांवर मात करते.

लोणार येथील सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी असून तेथील क्षारांचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. ‘लवण’चे प्राकृतात ‘लोण’ होते. तेव्हा नावाच्या पूर्वार्धाविषयी संशयाला जागा नाही. विष्णूने मारलेल्या लवणासुरावरून गावाचे नाव पडले, ही कथा मात्र ध्वनीच्या कसोटीवर टिकत नाही. मराठीत स्वरांमधील ‘स’ सहसा टिकतो. ‘असुर’चे ‘आर’ होण्यास आधार नाही. उलट स्वरांमधील ‘क’ लोप पावतो; म्हणून ‘कुंभकार’चे कुंभार होते, तसे ‘लवणकार’चे (मीठ काढणारा) लोणार होऊ शकते; ‘लवणाकर’चेही (मिठाची खाण) तेच रूप होईल. या दोहोंतून निवड करणे ध्वनिनियमांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी जुन्या लेखातील रूपच हवे.

मेहकरचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. येथे शार्ङ्गधर विष्णूने मेघंकर दैत्याला मारले, अशी कथा आहे. तिच्यातील दैत्य बाजूला ठेवला, तरी ‘मेघंकर’ हे रूप विचारार्ह ठरते. पुराणांतील तीर्थांच्या याद्यांत ते येते. ‘दधि’चे दही होते तसे ‘मेघ’चे ‘मेह’ होते. ‘लवणकार’मधील ‘क’ लोपतो आणि येथील टिकतो, याचेही कारण सापडते : अनुस्वारानंतरचा ‘क’ लोपत नाही. अनुस्वार पुढे क्षीण झाला, एवढे गृहीत धरावे लागते. तथापि नियमित रूप म्हणजे सिद्ध इतिहास नव्हे. मूळ देशी नावाला पुराणकारांनी संस्कृत पेहराव चढविला, ही शक्यताही तितकीच खुली राहते.

जिल्ह्याच्या नावाची ‘भिल्ल ठाणे’ ही व्युत्पत्ती सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळी आहे. ‘भ’चा ‘ब’ होणे अशक्य नाही. पुढे महाप्राण वा हकार असता आधीचा महाप्राण शिथिल होतो.  ग्रासमानने १८६३ मध्ये संस्कृत व ग्रीक भाषांविषयी मांडलेला नियम याच जातीचा आहे. परंतु ‘इ’चा ‘उ’ का व्हावा, हे कळत नाही. ‘मठ’चे मढ होते हे खरे, पण ‘स्थान’मधील ‘ठ’ संयुक्त व्यंजनातून आलेला असल्याने तो समासातही टिकणे अपेक्षित आहे. ‘प्रतिष्ठान’मधील ‘ठ’ पैठणमध्ये टिकलाच आहे. भिल्लांच्या नावातला ‘भ’ मराठीत आजही जसाच्या तसा असताना तो याच गावी बदलला, असेही मानावे लागते. शिवाय नाव ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. ज्या ‘ढ’वर सारी भिस्त, तोच निश्चित नाही.

तरीही या व्युत्पत्तीवरून येथे एके काळी भिल्लांचे ठाणे होते, असे अनुमान केले जाते आणि मग त्या ठाण्याच्या आधारे व्युत्पत्ती समर्थिली जाते. भिल्लांच्या प्राचीन वस्तीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याची उकल या नावावरून नव्हे, तर दानपत्रे, मोगलकालीन महसुली कागद व आसपासच्या गावांची जुनी नावे यांवरूनच होऊ शकेल.