‘ट्रायबल’ नाच, लवचीकता आणि एक लाकडी खोका

शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करायची ठरवली की सिनॉप्सिससाठी एक शीर्षक हमखास सुचतं: ‘आदिवासी आणि बिगर-आदिवासी विद्यार्थ्यांच्या लवचीकतेचा तुलनात्मक अभ्यास’. मीही आधी तेच लिहून नेलं होतं. जिल्हा यवतमाळ, चाचणी सिट अँड रीच. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “लवचीकता म्हणजे कुठली?” मला उत्तर देता आलं नाही. आज त्याच शीर्षकाची चिरफाड करू या. तुमच्या फाईलमध्येही ते असेल, तर आत्ताच बघून घ्या.

सुरुवात जरा लांबून करतो. जिममध्ये आणि व्हिडिओंत सध्या ‘ट्रायबल बेली डान्स’ दिसतो. नावावरून वाटतं, कुठल्या तरी जमातीचा नाच असेल. तसं नाही. जमिला सलीमपूर यांनी 1968 मध्ये कॅलिफोर्नियात ‘बाल अनात’ हा गट उभा केला. पुढे कॅरोलिना नेरिचिओ यांनी 1987 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘फॅटचान्स बेलीडान्स’ सुरू केलं आणि त्यातून ‘अमेरिकन ट्रायबल स्टाईल’ घडली. अंगात आपल्याकडची चोळी, हातात झांजा, हालचाली अनेक देशांतून घेतलेल्या. 2020 मध्ये त्यांनी स्वतःच नावातून ‘ट्रायबल’ काढून टाकलं. म्हणजे शब्द आकर्षक होता, पण त्यामागे जमात नव्हती.

पण या नाचाला शरीर काय लागतं ते बघा, कारण आपल्या चुकीचं उत्तर तिथेच आहे. गुडघे किंचित वाकलेले, छाती उचललेली, कंबर हलते तेव्हा बरगड्या स्थिर. हात बराच वेळ वर धरायचे आणि झांजाही वाजवायच्या, म्हणजे खांद्यांची दमछाक. गटातली एक जण इशारा देते, बाकीच्या तो पकडतात. इथे पायाची बोटं पकडता येणं फारसं कामाचं नाही. कंबरेच्या सांध्याची हालचाल, पाठीचा मागचा बाक, मांड्यांची ताकद, तोल आणि सगळ्यात जास्त नियंत्रण लागतं. म्हणजे ‘लवचीकता’ ही एक गोष्ट नाहीच. प्रत्येक सांध्याची ती वेगळी असते.

आता सिट अँड रीच. वेल्स आणि डिलन यांनी ती 1952 मध्ये मांडली. पाय सरळ, तळवे खोक्याला, पुढे वाका, आकडा लिहा. स्वस्त, सोपी, खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांतही आहे. पण ती मुख्यतः मांडीच्या मागच्या स्नायूंबद्दल सांगते, कंबरेबद्दल फारच कमी. शिवाय ज्याचे हात लांब आणि पाय आखूड, त्याला आयते सेंटिमीटर मिळतात. हा दोष कमी करायला सुधारित चाचणी निघाली, त्यात प्रत्येकाची शून्याची खूण त्याच्या हाताप्रमाणे ठरते. तरी आपल्याकडे कित्येकदा जुनीच पद्धत वापरली जाते, कारण खोका विभागात पडलेला असतो.

आता यवतमाळला या. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागात कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक; उरलेल्या कातकरी आणि माडिया गोंड. दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते. सीमेपलीकडे तेलंगणात गुसाडी नाचतात: डोक्यावर मोरपिसांचा उंच मुकुट, पायात घुंगरू. मार्लवाईचे गुसाडी कलावंत कनकराजू यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मुकुट सांभाळत नाचायचं म्हणजे मान, पोटऱ्या, दम आणि तोल यांची परीक्षा. हे सगळं मोजायला तुम्ही नेणार काय? तोच लाकडी खोका!

समजा, दंडार खेळणाऱ्यांचा आकडा जास्त आला. निष्कर्ष काय लिहाल? ‘नृत्यामुळे लवचीकता वाढते’? थांबा. दिवाळीचे दिवस म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकणाऱ्या बाईचा आकडा नाचाचा की वेचणीचा? चुलीपुढे, धुण्यावर उकिडवं बसणं आयुष्यभर चालू आहे, त्याचं काय? आणि मुळात ज्यांचं अंग चपळ तेच नाचात पुढे येत असतील तर? एकदाच मोजून यातलं काहीच वेगळं करता येत नाही.

त्याहून वाईट निष्कर्ष म्हणजे ‘आदिवासी मुळातच लवचीक असतात’. हे वाक्य कौतुकासारखं वाटतं, पण त्यात माणसाचा सराव गायब होतो. सॅन फ्रान्सिस्कोतली बाई वर्षानुवर्षं घाम गाळते तेव्हा ते कौशल्य, आणि झरी जामणीतला पोरगा थोरांच्या मागे पावलं टाकत शिकतो तेव्हा ते रक्तातलं? हा भेद विज्ञानाने केलेला नाही. तो आपल्या शीर्षकाने केला.

मग काय करायचं? आधी नाच बघा, मग चाचणी निवडा. कंबर आणि घोट्यासाठी गोनिओमीटर, पाठीसाठी सुधारित शोबर, तोलासाठी एका पायावर उभं राहणं, दमासाठी नाचतानाची हृदयगती. बोर्गची 6 ते 20 ची श्रमपट्टी वापरणार असाल तर ‘खूप जड’ला कोलामीत काय म्हणतात ते गावातच विचारा, मराठी छापील पट्टी पुढे करू नका. मोजमाप दोनदा घ्या, वेळ एकच ठेवा, आणि वेचणीच्या आधी व नंतर असे दोन्ही वेळा जा. नव्याने शिकणाऱ्यांना हंगामभर मोजता आलं तर सोन्याहून पिवळं.

माझं शीर्षक आता लांबलचक आणि कंटाळवाणं झालंय. ‘आदिवासी’ऐवजी त्यात गटाचं, नाचाचं आणि सांध्याचं नाव आहे. तुमच्या शीर्षकातला ‘लवचीकता’ शब्द खोडून तिथे एखाद्या सांध्याचं नाव लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर सिनॉप्सिस अजून तयार नाही.