पेशीचें चित्र आणि पाहणाराचा डोळा

शास्त्रीय विषय चित्ररूपानें लोकांपुढें मांडावा, ही कल्पना स्तुत्य होय. पण स्तुत्य हेतूनें काढलेलें चित्र चांगलें असतेंच असें नाहीं. ता. ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं, डॉ. कमल रणदिवे यांच्या १०४ व्या जन्मदिनीं, 'गूगल'नें आपल्या मुखपृष्ठावर चित्रकार इब्राहिम रायिन्ताकत यांनीं काढलेलें त्यांचें चित्र प्रसिद्ध केलें. पुण्यास जन्मलेल्या व मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या या विदुषीचें नांव त्या एका दिवसांत असंख्य घरांत पोंचलें. हें कार्य लहान नव्हे. तथापि तें चित्र व्यक्तीचें आहे. सूक्ष्मदर्शक कोणाच्या हातीं होता हें तें सांगतें. त्यांतून काय दिसलें हें कळण्यास निराळ्या जातीचें चित्र लागतें.

तशा चित्रांची परंपरा जुनी आहे. रॉबर्ट हुकनें १६६५ सालीं बुचाच्या कापाचें चित्र छापलें आणि त्यांतील कप्प्यांना दिलेलें नांव आजवर टिकलें. १९०६ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी काहाल यांनीं मज्जापेशींचीं चित्रें स्वहस्तें रेखाटिलीं. आज डेव्हिड गुडसेल हे पेशीचें गजबजलेलें अंतरंग जलरंगांत दाखवितात. त्यांतील रंग चित्रकाराच्या पसंतीचे आहेत. परंतु रेणूंचे आकार व परस्परांचें प्रमाण शास्त्राला धरून आहे. अशा कलेची कसोटी हीच. रंगाचें स्वातंत्र्य घ्यावें, प्रमाणाचें घेऊं नये; आणि घेतलेलें स्वातंत्र्य वाचकास सांगावें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचें मूळ चित्र कृष्णधवल असतें. त्यास मागाहून झगझगीत रंग देऊन तसें न सांगणें म्हणजे प्रेक्षकाच्या विस्मयाचा गैरफायदा घेणें होय.

पण सर्वोत्तम चित्रही दुसऱ्याच्याच डोळ्यानें पाहिलेलें असतें. भिवंडीच्या नारपोली भागांत यंत्रमागांच्या खडखडाटांत वाढणाऱ्या मुलास पेशी दाखवावयाची तर दूर जावयास नको. कापसाचा प्रत्येक तंतु ही सरकीच्या सालीवर लांबलेली एकच पेशी असते. लांबी सुमारें तीन सेंटिमीटर, रुंदी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. वाळल्यावर ती चपटी होऊन फितीसारखी पिळली जाते, आणि त्या पिळामुळेंच तंतु एकमेकांस धरून सूत बनतें. शेजारीं पॉलिएस्टरचा गुळगुळीत, एकसारखा धागा ठेवला कीं सजीवाची घडण आणि यंत्राची घडण यांतील भेद मुलास व्याख्यानावांचून उमगतो. मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ मध्यें मांडलेला, घडी घालून बनणारा कागदी सूक्ष्मदर्शक एवढ्या कामास पुरेसा आहे.

भाषाही येथें साह्यास येते. पेशींच्या समूहास आपण 'ऊती' म्हणतों. संस्कृतांत त्या शब्दाचा अर्थ विणणें. फ्रेंचांचा शब्दही विणकामांतूनच आलेला आहे. सूक्ष्म जीवांचें जग प्रथम पाहणारा लेव्हेनहूक हा डेल्फ्टचा कापडव्यापारी होता, आणि कापडाचे धागे तपासण्यासाठीं व्यापारी भिंगच वापरीत. ज्या गांवास ताणा-बाणा ठाऊक आहे, त्यास हें शास्त्र परकें नाहीं. चित्रकारानें त्याच्या हातीं चित्र अवश्य द्यावें. पण शेजारीं एक भिंग व सुताचा एक तुकडाही ठेवावा, म्हणजे चित्र खरें कीं खोटें हें ठरविण्याचा अधिकार पाहणारास मिळेल.