सव्वाचे सौष्ठव

धाराशिवमधल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात आधी भेटतो तो भिंतीवरचा फलक: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. 1994 च्या कायद्याने एक गोष्ट दिसली तरी सांगायची नाही, असे बंधन घातले. त्या मौनाने एक उपकारही केला आहे. पडद्यावर उरते ते सारे, आणि त्यातही पाचव्या महिन्यातले ते जेमतेम दोन सेंटीमीटरचे हृदय, निवांत न्याहाळायला आपण मोकळे होतो.

हे हृदय पाहायचे तर आधी दिशा लावावी लागते. बाळाचे डोके खाली आहे की ते पायाळू आहे, पाठ आईच्या कोणत्या अंगाला आहे, हे जुळले की मगच बाळाचे डावे कोणते ते ठरते. मग प्रोब किंचित कलतो आणि छातीचा आडवा छेद समोर येतो: बरगडीची उजळ कड, मागे मणका, आणि मधोमध मिनिटाला 110 ते 160 ठोक्यांच्या लयीत हलणारे चार कप्पे. मणक्याला सर्वांत जवळचे ते डावे अलिंद. छातीच्या हाडामागचे, आत स्नायूची आडवी पट्टी बाळगणारे ते उजवे निलय. दोन्ही अलिंदांमधल्या पडद्याची पातळ झडप प्रत्येक ठोक्यागणिक डावीकडे फडफडते, कारण श्वास न घेणाऱ्या फुप्फुसांना वळसा घालून रक्ताला इथून पलीकडे जायचे असते. जन्मानंतर मिटणारी ही वाट आत्ता मात्र हक्काची वाट आहे.

आता मापांकडे वळू. हृदयाचा अक्ष छातीच्या मध्यरेषेपासून डावीकडे सुमारे 45 अंश कललेला. त्यात वीसेक अंशांची सूट दोन्ही बाजूंना. छातीच्या क्षेत्रफळाचा साधारण तिसरा हिस्सा हृदयाचा, आणि त्याचा परीघ छातीच्या परिघाच्या निम्म्याच्या आसपास. या मापांची खुमारी अशी, की चित्र मोठे करा वा लहान, प्रमाण हलत नाही. तेर गावी सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आपण पाहतो तेव्हा तिची उंची विचारावीशी वाटत नाही. अवयवांचे परस्परांशी असलेले नातेच डोळ्यांत भरते. हे हृदयही तसेच आपल्याच छातीच्या मापाने मोजले जाते.

सर्वांत सुरेख माप आकाराचे. हलते चित्र थांबवून एकेक चौकट मागे न्यायची, निलये रक्ताने तुडुंब भरलेला क्षण पकडायचा. तळापासून टोकापर्यंतची लांबी घ्यायची आणि तिला रुंदीने भागायचे. निरोगी हृदयात उत्तर सव्वाच्या जवळपास येते, आणि विसाव्या आठवड्यापासून दिवस भरेपर्यंत बाळ कितीतरी पटींनी वाढले तरी ते फारसे बदलत नाही. दक्षिणा देतानाही सव्वाच शुभ मानणाऱ्या आपल्या मुलखात हा आकडा ओळखीचा वाटावा! तो एकाकडे सरकू लागला, की हृदय लंबगोल सोडून चेंडूसारखे गोल होत आहे असे समजावे. वारेतून पोषण अपुरे पडून वाढ खुंटलेल्या काही बाळांत असे दिसते. वाढीव भार पेलताना भिंतीवरचा ताण हलका करण्याची ही हृदयाची तडजोड असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे बदललेला आकारसुद्धा निव्वळ बिघाड नव्हे. कष्टाची ती नोंद आहे, आणि एखाद्या आकड्यावरून निकाल न देता बाळाची वाढ, वारेतला रक्तप्रवाह, झडपा आणि दोन महावाहिन्यांचे एकमेकींना तिरपे ओलांडणे यांच्या सोबतीने ती वाचायची असते.

या वाचनाचा उत्तम काळ अठरा ते बावीस आठवड्यांचा. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांतली गरोदर बाई नेमक्या त्याच आठवड्यांत फडावर असू शकते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी म्हणूनच मोलाची. तिथून पुढे सोनोग्राफीची चिठ्ठी मिळते. फडावरून आलेल्या बाईचे बाळ असो की शहरातल्या बंगल्यातले, पडद्यावर दोघांनाही तीच फूटपट्टी लागते: छातीचा तिसरा हिस्सा, 45 अंशांचा कल आणि सव्वाचा आकार. इतकी निःपक्षपाती फूटपट्टी आपल्या मुलखात आणखी कुठे आहे, सांगा बरे!